ट्रकचा कागदी रोड ॲटलास: मार्ग आखण्याचा योग्य क्रम

अमेरिकेत अठरा चाकी चालवणारे बरेच जण ॲटलास विकत घेतात, पण उघडतात तो थेट राज्याच्या नकाशापासून. चूक तिथेच होते. नकाशा रस्ता कुठून कुठे जातो ते सांगतो. तुमचा ट्रेलर त्या रस्त्यावर कायद्याने चालतो का आणि पुलाखालून पार होतो का, हे सांगणारी माहिती याद्यांमध्ये असते आणि ती पाने कोरी करकरीत राहतात. खालचा क्रम ५३ फुटी ट्रेलर ओढणाऱ्या नेहमीच्या गाडीसाठी आहे. परवाना लागणाऱ्या अवाढव्य लोडला हा क्रम पुरत नाही. त्यांचा मार्ग परवान्यावरच छापलेला असतो आणि तोच पाळावा लागतो.

१. ॲटलास निवडा आणि वापरण्याजोगा करा

पेट्रोल पंपावर मिळणारा साधा मोटारींचा ॲटलास ट्रकला चालत नाही. त्यात ट्रकबंदीचे रस्ते आणि कमी उंचीचे पूल नसतात. ट्रकसाठीच्या ॲटलासमध्ये चार गोष्टी आहेत का ते दुकानातच पाहा: ट्रकला नेमून दिलेले रस्ते वेगळ्या रंगात, राज्यवार बंदी असलेल्या रस्त्यांची यादी, कमी उंचीच्या पुलांची यादी, आणि वजनकाट्यांच्या जागा. सर्वाधिक दिसणाऱ्या रँड मॅकनॅलीच्या मोटर कॅरियर्स ॲटलासमध्ये ट्रकचे रस्ते नारिंगी पट्ट्याने दाखवलेले असतात. दुसऱ्या प्रकाशकाचा रंग वेगळा असू शकतो, म्हणून रंगावर विसंबण्याआधी चिन्हांची सूची वाचा.

शक्य असेल तर स्पायरल बाइंडिंगची लॅमिनेटेड प्रत घ्या. ती स्टिअरिंगवर सपाट उघडी राहते आणि तिच्यावर लिहून पुसता येते. खुणांसाठी ओल्या फडक्याने पुसला जाणारा मार्कर वापरा. कोरड्या फडक्याने पुसला जाणारा मार्कर हाताच्या घासण्यानेच जातो आणि ऐन वेळी मार्गाचा अर्धा भाग गायब झालेला असतो. पक्का मार्कर चुकून वापरलाच, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने तो निघतो.

नव्या प्रतीत चिकटपट्ट्या लावा: एक चिन्हांच्या सूचीवर, एक बंदी असलेल्या रस्त्यांच्या यादीवर, एक कमी उंचीच्या यादीवर, आणि नेहमीच्या प्रत्येक राज्यावर एकेक. राज्ये वर्णक्रमाने छापलेली असतात, भूगोलाने नाही. टेनेसीतून जॉर्जियात शिरताना तुम्हाला पुस्तकात बरेच मागे जावे लागते. पट्ट्या नसतील तर ही शोधाशोध रस्त्याच्या कडेला करावी लागते.

२. आधी गाडीची मापे लिहा

पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या, त्यावर पुढील गोष्टी ठळक लिहा आणि ॲटलासच्या आतल्या बाजूला चिकटवा:

- उंची, सर्वांत उंच बिंदूपाशी स्वतः मोजलेली
- ट्रेलरची लांबी आणि ट्रॅक्टरसह (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या इंजिनगाडीसह) पूर्ण लांबी
- रुंदी (नेहमीची १०२ इंच)
- किंगपिनपासून (ट्रेलर ट्रॅक्टरला जोडणाऱ्या खिळीपासून) मागच्या ॲक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर
- एकूण वजन, आणि स्टिअर (सर्वांत पुढचा ॲक्सल), ड्राइव्ह (ट्रॅक्टरचे मागचे ॲक्सल) व ट्रेलर टँडमवरचे (ट्रेलरच्या जोड ॲक्सलवरचे) वेगवेगळे वजन
- हॅझमॅट (धोकादायक माल) आहे का, असल्यास वर्ग कोणता

लोड बदलला की शेवटच्या तीन ओळी बदलतात, म्हणून त्या पेन्सिलीने लिहा. आंतरराज्य महामार्गांवर केंद्रीय मर्यादा एकूण ८०,००० पौंड, टँडमवर ३४,००० आणि एका ॲक्सलवर २०,००० पौंड आहे. शिवाय ॲक्सलमधल्या अंतरावरून वजन ठरवणारे पुलांचे सूत्र लागू होतेच.

उंचीसाठी केंद्रीय मर्यादा नाही, ती राज्य ठरवते. पूर्वेकडच्या बहुतेक राज्यांत १३ फूट ६ इंच, पश्चिमेकडे अनेक ठिकाणी १४ फूट. पश्चिमेत बिनधास्त फिरलेली गाडी पूर्वेत येऊन बेकायदा ठरते ती यामुळे.

इशारा: रिकामा ट्रेलर भरलेल्यापेक्षा उंच बसतो. लोड घेऊन ज्या पुलाखालून जाताना थोडी जागा उरली होती, तिथेच परतताना छत घासू शकते. कार्डावर रिकाम्या गाडीची उंची लिहा.

३. नकाशाआधी याद्या वाचा

ज्या राज्यांतून जायचे आहे, त्या प्रत्येकाचे नियम आणि दोन्ही याद्या नकाशा उघडण्याआधी वाचा. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि नेमका हाच गाळला जातो.

प्रथम लांबीचे नियम. १९८२ च्या भूपृष्ठ वाहतूक कायद्याने मोठ्या ट्रकसाठी रस्त्यांचे राष्ट्रीय जाळे ठरवले. त्या जाळ्यावर नेहमीची गाडी चालते. जाळ्यावरून उतरलात की राज्याचा कायदा सुरू होतो. इंधन, जेवण, दुरुस्ती, विश्रांती किंवा टर्मिनलसाठी जाळ्यापासून एक मैलापर्यंत वाजवी वाट राज्य सहसा नाकारू शकत नाही, पण ठरावीक सुरक्षेच्या कारणावरून तिथेही बंदी असू शकते. त्यापुढचा प्रत्येक मैल तपासूनच जायचे.

कॅलिफोर्नियात ५३ फुटी ट्रेलरचे किंगपिनपासून सर्वांत मागच्या ॲक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर ४० फुटांपेक्षा जास्त चालत नाही. टँडम मागे सरकवून आलेल्याला सीमेआधीच ते पुढे घ्यावे लागते, आणि पुढे घेतले की ड्राइव्ह व ट्रेलर टँडममधली वजनाची वाटणी बदलते. म्हणजे वजन पुन्हा करायचे. न्यू यॉर्क शहरात ट्रॅक्टर-ट्रेलरची एकूण लांबीच ५५ फुटांपर्यंत मर्यादित आहे. ५३ फुटी ट्रेलरला तिथे सहसा शहरात न थांबता ठरावीक आंतरराज्य मार्गांवरून पार होण्यापुरतीच मुभा मिळते.

नंतर बंदी असलेले रस्ते. सर्वांत महागात पडणारा समज असा की, निळे-लाल ढाल चिन्ह असलेला आंतरराज्य महामार्ग (क्रमांकाआधी ‘आय-’ असलेला) म्हणजे ट्रकला मोकळा रस्ता. तसे नाही:

- अटलांटात आय-२८५ च्या वर्तुळाच्या आत सहापेक्षा जास्त चाकांच्या गाड्यांना, शहरात काम नसेल तर, बंदी आहे.
- सेंट पॉलमध्ये आय-३५ई च्या शहरातल्या तुकड्यावर ९,००० पौंडांवरच्या ट्रकना बंदी आहे.
- ओकलंडमध्ये आय-५८० च्या एका भागावर साडेचार टनांवरचे ट्रक चालत नाहीत, त्यांनी आय-८८० घ्यायचा.

ज्या रस्त्याच्या नावात ‘पार्कवे’ आहे, त्याकडे न्यू यॉर्क आणि कनेक्टिकटमध्ये बंद दार म्हणूनच बघा. कनेक्टिकटचा मेरिट पार्कवे व्यावसायिक वाहनांना बंद आहे, आणि अशा रस्त्यांवरचे जुने पूल ट्रकच्या उंचीचा विचार न करता बांधलेले आहेत.

हॅझमॅट असेल तर बोगदे स्वतंत्र तपासा. कोलोरॅडोत आय-७० वरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून हॅझमॅट सहसा नेता येत नाही. ती गाडी यूएस-६ या महामार्गाने ११,९९० फूट उंचीच्या लव्हलँड खिंडीतून न्यावी लागते. नकाशावर हा फरक बोटभरही दिसत नाही. हिवाळ्यात मात्र त्याने दिवसाचे सगळे गणित बदलते.

पडताळणी: कमी उंचीच्या यादीचे शीर्षक वाचलेत का? किती उंचीखालचे पूल यादीत घेतले आहेत आणि कोणत्या प्रकारच्या रस्त्यांवरचे, ते तिथे लिहिलेले असते. तुमची उंची त्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर यादीत पूल नसणे म्हणजे रस्ता सुरक्षित असणे नव्हे.

४. ठिकाण शोधताना शेवटापासून सुरुवात करा

मागच्या सूचीत गाव शोधा. नावापुढे अक्षर आणि आकडा असतो, त्याने नकाशावरची चौकट सापडते. राज्य दोनदा वाचा. स्प्रिंगफील्ड इलिनॉयमध्ये आहे, मिसुरीत आहे आणि मॅसॅच्युसेट्समध्येही आहे. कॅन्सस सिटी दोन राज्यांत आहे, त्यांची वस्ती एकमेकांना लागून आहे. बिल ऑफ लेडिंगवरचे (मालाच्या वाहतूक पावतीवरचे) राज्य आणि पिन कोड हाच आधार, डिस्पॅचरच्या (गाड्या पाठवणाऱ्याच्या) मेसेजमधले नाव नाही.

आता माल उतरवायच्या जागेपासून उलटे या: सर्वांत जवळचा रंगीत पट्ट्याचा रस्ता कोणता, आणि त्यावरून दारापर्यंत किती अंतर पट्ट्याविना आहे? ॲटलासचे काम त्या शेवटच्या एक्झिटपाशी (महामार्गावरून उतरण्याच्या वाटेपाशी) संपते. शहराच्या आतल्या गल्ल्या त्यात नसतात, आणि कमी उंचीच्या पुलांपैकी कित्येक त्याच गल्ल्यांत असतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममधला छतफाडू रेल्वेपूल शहरातल्याच रस्त्यावर आहे. तो ११ फूट ८ इंचांचा होता, २०१९ मध्ये उचलून १२ फूट ४ इंच केला. उचलल्यानंतरही १३ फूट ६ इंचांच्या ट्रेलरला तो चौदा इंचांनी अपुराच आहे.

म्हणून निघण्याआधी माल घेणाऱ्याला फोन करा आणि मोघम ‘पत्ता सांगा’ असे न विचारता हे विचारा:

- ५३ फुटी गाड्या कोणत्या एक्झिटने येतात?
- ट्रकचे गेट कोणत्या रस्त्यावर आहे?
- कोणत्या बाजूने आल्यास वळण बसत नाही?
- वाटेत रेल्वेपूल आहे का?
- रात्री आत उभे राहू देतात का?

उत्तर ऑफिसमधून नको, डॉकवरच्या (माल चढवण्या-उतरवण्याच्या फलाटावरच्या) माणसाकडून घ्या. ऑफिसातली मंडळी मोटारीने येतात आणि त्यांचा रस्ता सांगतात.

५. मार्ग आखा

आता कुठे नकाशा. उदाहरण म्हणून नॅशव्हिल ते टॅम्पा घेऊ.

क्रमांकांची रीत माहीत असेल तर अर्धे काम होते. विषम आंतरराज्य उत्तर-दक्षिण जातात, सम पूर्व-पश्चिम. तीन आकडी क्रमांकाचा पहिला आकडा सम असेल तर तो सहसा शहराला वळसा घालतो किंवा पुन्हा महामार्गाला मिळतो, विषम असेल तर शहरात शिरणारा फाटा. हिरव्या ढालीवर ‘बिझनेस’ लिहिलेला मार्ग आंतरराज्य नसतो. तो गावातून, सिग्नलांमधून जातो.

नॅशव्हिलहून आय-२४ पूर्वेकडे चॅटनूगापर्यंत, तिथून आय-७५ दक्षिणेला. अटलांटात आय-७५ सरळ शहरातून जातो, पण तिसऱ्या टप्प्यात यादीने तो रस्ता बंद केलेला आहे. म्हणून एक्झिट २५९ ला आय-२८५ घेऊन पश्चिमेकडून वळसा आणि एक्झिट २३८ पाशी पुन्हा आय-७५. मॅकनजवळ एक्झिट १७७ ला आय-४७५ घेतला की शहर टळते आणि १५६ ला तुम्ही परत आय-७५ वर येता. पुढे सरळ फ्लोरिडा.

मार्करने रेघ ओढताना रस्त्याच्या शेजारून ओढा, रस्त्यावरून नाही. वरून ओढली की एक्झिटचे आकडे आणि टोलचा रंग झाकला जातो. पानाच्या कडेला रस्ता संपतो तिथे पुढचे पान कोणते ते छापलेले असते. तो आकडा गोल करून ठेवा.

इशारा: दोन राज्यांचे नकाशे एकाच प्रमाणात नसतात. टेक्सासच्या पानावरचा एक इंच आणि र्‍होड आयलंडच्या पानावरचा एक इंच यांत प्रचंड फरक आहे. बोटाने अंतर मोजण्याची सवय असेल तर ती सोडा.

६. आखलेला मार्ग याद्यांशी पुन्हा ताडा

तिसऱ्या टप्प्यात राज्य वाचले, आता रस्ता वाचायचा. कमी उंचीच्या यादीत गावाच्या नावाने न शोधता आय-२४, आय-७५, आय-२८५, आय-४७५ असे रस्त्याच्या क्रमांकाने शोधा. एकच पूल दोन गावांच्या मध्ये असतो आणि यादीत तो भलत्याच गावाखाली सापडतो. शेवटच्या एक्झिटनंतरच्या राज्य महामार्गांनाही हेच करा.

फलकावरची उंची आणि प्रत्यक्ष मोकळी जागा यांतही फरक पडतो. डांबराचा नवा थर चढला की जागा कमी होते, बर्फ साचला की आणखी कमी. कमानीच्या पुलाखाली मधल्या लेनमध्ये उंची जास्त आणि कडेला कमी असते. आकडा तुमच्या उंचीच्या तीन इंचांच्या आत येत असेल, तर दुसरा रस्ता शोधा.

नकाशा सपाट असतो, रस्ता नसतो. घाटाचे नाव दिसले की उताराची माहिती वेगळी काढा. आपल्या उदाहरणात आय-२४ वर पूर्वेकडे जाताना मॉन्टईगलची लांब उतरण आहे. भरलेल्या गाडीने तिथे माथ्यावरच खालचा गिअर पडलेला हवा, निम्मे उतरल्यावर नाही. हिवाळ्यात साखळ्यांचा नियमही पाहा: कोलोरॅडोत आय-७० वर डॉटसेरो ते मॉरिसन या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात व्यावसायिक गाडीत साखळ्या असाव्याच लागतात, आकाश निरभ्र असले तरी.

७. अंतर आणि वेळ मांडा

बहुतेक राज्यांत एक्झिटचा क्रमांक म्हणजेच मैल. मोजणी राज्याच्या दक्षिण किंवा पश्चिम सीमेपासून सुरू होते. म्हणून वजाबाकी केली की अंतर मिळते:

- आय-२४, नॅशव्हिलजवळ ५२ ते चॅटनूगा १८५: १३३ मैल
- आय-७५, चॅटनूगाच्या जोडापासून जॉर्जिया सीमा: सुमारे २
- जॉर्जिया, ३५५ पासून व्हॅल्डोस्टाच्या १८ पर्यंत: ३३७ (आय-२८५ ने वाढलेले पाचेक मैल आय-४७५ ने वाचतात)
- तिथून फ्लोरिडा सीमा: १८
- फ्लोरिडा, ४७१ पासून टॅम्पाजवळ आय-४ च्या २६१ पर्यंत: २१०

एकूण सुमारे ७००. ही रीत सगळीकडे चालत नाही. न्यू यॉर्क थ्रुवेवर एक्झिट क्रमवार आहेत, तिथे वजाबाकी खोटे उत्तर देते. ॲरिझोनात आय-१९ चे एक्झिट किलोमीटरवर आहेत. शंका असेल तिथे नकाशावर छापलेले मैलांचे आकडे बेरजेला घ्या. ते दोन रंगांत असतात, एका रंगाचे मोठ्या खुणांमधले आणि दुसऱ्याचे लगतच्या जोडांमधले. दोन्हींची सरमिसळ केली की तेच अंतर दोनदा मोजले जाते.

वेळेसाठी ताशी ५० मैल धरा. वेगमर्यादा ७० असली तरी आखणीत ५० च. इंधन, वजनकाटे आणि शहरातली कोंडी यांतून सरासरी तिथेच येते. ७०० मैल म्हणजे १४ तास. नियम असा: सलग १० तास विश्रांतीनंतर जास्तीत जास्त ११ तास चालवणे, तेही कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत, आणि ८ तास चालवून झाल्यावर किमान ३० मिनिटांचा खंड. तेव्हा एका दिवसात टॅम्पा गाठता येत नाही. व्हॅल्डोस्टा ४७२ मैलांवर, साडेनऊ तासांत. मुक्काम तिथे.

पण मुक्कामाच्या दोन जागा ठरवा, एक ठरलेल्या एक्झिटवर आणि एक तिच्या ४० ते ५० मैल अलीकडे. इथे ती टिफ्टनजवळ, एक्झिट ६२ च्या आसपास. संध्याकाळनंतर ट्रक स्टॉप भरतात, आणि पुढची जागा शोधायला तास उरलेले नसतात. अलीकडची जागा दिसेपर्यंत उशीर झाला असेल तर तिथेच थांबायचे.

पडताळणी: वेळेचा पट्टा. नॅशव्हिल मध्य वेळेत, टॅम्पा पूर्व वेळेत. टॅम्पातली सकाळी ८ ची वेळ म्हणजे नॅशव्हिलची ७. डॉकची वेळ स्थानिक असते, कामाच्या तासांचा इलेक्ट्रॉनिक लॉग मात्र तुमच्या मूळ टर्मिनलच्या वेळेने चालतो. दोन्ही वेळा कार्डावर शेजारी शेजारी लिहा.

८. ट्रिप कार्ड लिहा

मार्ग ॲटलासमध्ये ठेवून चालत नाही, कारण चालवताना ॲटलास उघडायचाच नाही. एका कार्डावर, हातभर अंतरावरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत, एका ओळीत एकच कृती:

आय-२४ पूर्व — मॉन्टईगल उतरण — १८५
आय-७५ दक्षिण — २५९
आय-२८५, पश्चिम बाजू — ५८
आय-७५ दक्षिण — १७७
आय-४७५ दक्षिण — शेवटपर्यंत
आय-७५ दक्षिण — (६२) किंवा १८ मुक्काम
आय-७५ दक्षिण — फ्लोरिडा ४७१ नंतर कृषी तपासणी नाका, थांबणे सक्तीचे
आय-७५ दक्षिण — २६१

प्रत्येक ओळीत दिशा हवीच. नुसता ‘आय-७५’ लिहिला की रात्री जोडावर उत्तरेचा रॅम्प पकडला जातो. आकड्यांची चाल हीसुद्धा खूण आहे: दक्षिणेला जाताना जॉर्जियात मैलाचे आकडे उतरत शून्याला येतात आणि फ्लोरिडात एकदम ४७१ पासून पुन्हा उतरू लागतात. या दोन राज्यांत आय-७५ वर आकडे चढताना दिसले तर तुम्ही उलट्या दिशेने निघाला आहात.

९. वाटेत रस्ता बंद झाला तर

खरी परीक्षा इथे असते. अपघातामुळे महामार्ग बंद होतो, मोटारी पुढच्या एक्झिटने उतरतात, आणि त्यांच्यामागे ट्रकही उतरतो. मोटारींचा वळसा ट्रकचा नसतो.

क्रम असा ठेवा: आधी सुरक्षित जागी पूर्ण थांबा, रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर नव्हे. ५११ वर फोन करून बंदी कुठून कुठपर्यंत ते घ्या. मग ॲटलासमध्ये रंगीत पट्ट्याचा दुसरा रस्ता शोधा आणि कमी उंचीच्या यादीत त्याचा क्रमांक पाहा. नसेल पट्टा, तर थांबून राहणे बहुधा स्वस्त पडते. पोलिस वळवत असतील तर त्यांना गाडीची उंची आणि लांबी सांगा. समोरून येणाऱ्या शंभर मोटारी वळवणाऱ्याच्या डोक्यात तुमचे माप नसते.

चुकून पट्ट्याबाहेरच्या रस्त्यावर शिरलात आणि पुढे उंचीचा फलक दिसला, तर पुढे ‘बघू’ म्हणून जाऊ नका. थांबा, धोक्याचे दिवे लावा आणि मागे घ्यायला पोलिसांची मदत मागा. मागची रहदारी चिडेल. पूल मात्र शाबूत राहील आणि छतही.

१०. ॲटलास ताजा ठेवा

जुना ॲटलास रस्ता दाखवतो, पण बदललेला एक्झिट क्रमांक आणि नवी बंदी दाखवत नाही. मॅसॅच्युसेट्सने २०२०-२१ मध्ये क्रमवार एक्झिट बदलून मैलांवर आणले. त्याआधीच्या पानावरून लिहिलेले तिथले ट्रिप कार्ड आज निरुपयोगी आहे. दरवर्षी नवी प्रत घ्या आणि जुनी टाकण्याआधी तुमच्या हातच्या नोंदी नवीत उतरवा: कोणते गेट, कोणत्या बाजूने वळण बसत नाही, कोणता पूल फलकापेक्षा कमी. प्रत्येक नोंदीपुढे महिना आणि वर्ष घाला.

ॲटलास डॅशबोर्डवर ठेवू नका. उन्हाने लॅमिनेशन वळते, रंग फिके होतात, आणि फिका पडलेला ट्रकचा पट्टा साध्या रस्त्यापासून वेगळा ओळखू येत नाही. सीटमागे, सपाट, मापांचे कार्ड वर दिसेल असा ठेवा.